लहर येते, टूम काढतात : अचानक मनात येणाऱ्या गोष्टींसाठी नेमका शब्द कसा निवडावा

नाशिकच्या सिडकोत राहणारा एक जण रविवारी पहाटे पाचला उठतो, कुणाला न सांगता स्कूटर काढतो आणि तीसेक किलोमीटरवरच्या त्र्यंबकला जाऊन ब्रह्मगिरी चढून येतो. आदल्या रात्री झोपताना असं काहीच ठरलेलं नव्हतं. आता घरची माणसं हे कसं सांगतील?

आई म्हणेल, ‘लहर आली त्याला, गेला.’ बायको म्हणेल, ‘पहाटे पाचला कसली हुक्की आली यांना, कोण जाणे!’ वडील म्हणतील, ‘हल्ली डोंगर चढायचं खूळ शिरलंय डोक्यात.’ धाकटा भाऊ म्हणेल, ‘दादानं ही नवीनच टूम काढलीय.’ शेजारचे काका म्हणतील, ‘हौस आहे बुवा पोराला.’

घटना एकच, पण माणूस प्रत्येक वाक्यात निराळा दिसतो. आईच्या वाक्यात तो मोकळा आहे आणि वडिलांच्या वाक्यात वाया चाललेला. भावाच्या वाक्यात तो काहीतरी बेत शिजवणारा होतो, तर काकांच्या वाक्यात कौतुकाचा धनी. कोशात हे शब्द एकमेकांच्या शेजारी समानार्थी म्हणून दिलेले असतात, म्हणून आपण त्यातला कुठलाही उचलतो. वापरात मात्र प्रत्येक शब्द त्या माणसाविषयी एक निकाल देऊन मोकळा होतो. म्हणून शब्द निवडण्याआधी आपला निकाल काय आहे, हे स्वतःला विचारावं लागतं. बातमी, कथा, शाळेचा निबंध, तक्रारीचा अर्ज किंवा अनुवाद, काहीही लिहीत असाल तरी पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने वापरता येतील.

पहिली पायरी : करणारा कुणी आहे का, ते पाहा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे जरा थांबू.

मराठीत लहर ‘येते’ किंवा ‘लागते’. हुक्की ‘येते’. उबळ ‘येते’, सुरसुरी ‘येते’, तलफ ‘येते’ किंवा ‘लागते’. वेड ‘लागतं’, नाद ‘लागतो’. यातल्या एकाही वाक्यात माणूस कर्ता नसतो. ‘त्याने हुक्की आणली’ असं कुणी म्हणत नाही, ‘त्याला हुक्की आली’ असंच म्हणतात. भूक, झोप, राग आणि आठवण यांची वाक्यंही अशीच होतात. माणसाला ‘ला’ लागतो, कर्ता असते ती हुक्की आणि क्रियापदही तिच्याच मागे जातं. म्हणजे भाषाच सांगते की ही गोष्ट माणसाने ठरवून केलेली नाही, ती त्याच्यावर आली. त्यामुळे या वाक्यात दोष थोडा सौम्य होतो. ‘रात्री अकराला आइस्क्रीम खायची हुक्की आली’ असं म्हटल्यावर ऐकणारा हसतो, जाब विचारत नाही.

‘टूम’ याच्या अगदी उलट. टूम ‘काढतात’. ‘नगरसेवकांनी नवी टूम काढली’ या वाक्यात ‘नी’ आहे, म्हणजे कर्ता आहे आणि त्याची जबाबदारीही आहे. ‘टूम निघाली’ असंही म्हणतात, पण तेव्हा कुणीतरी ती काढली असणार, हे गृहीत असतं. ‘शक्कल लढवणं’ आणि ‘युक्ती काढणं’ याच रांगेतले, फक्त त्यांत हुशारीचं कौतुक असतं. टुमेत ते नसतं. तिच्यात नवेपणाचा सोस असतो आणि त्यामागे काही हेतू असल्याचा संशयही असतो.

‘खूळ’ या दोघांच्या मध्ये बसतं. ते डोक्यात ‘शिरतं’ किंवा ‘भरतं’, म्हणजे बाहेरून येतं. पण ‘डोक्यात खूळ घेणं’ हाही तितकाच रूढ प्रयोग आहे आणि तिथे माणूस कर्ता होतो. म्हणून खुळाबद्दल माणसाला बोलणी खावी लागतात. ‘ते खूळ डोक्यातून काढून टाक’ असं सांगता येतं. ‘ती लहर काढून टाक’ असं मात्र कानाला चालत नाही, कारण लहर आपोआप ओसरते.

पहिली कसोटी यातूनच मिळते. लिहिलेल्या वाक्यात माणूस ‘त्याला’ आहे की ‘त्याने’, हे पाहा. एखाद्या दुकानदाराने ठरवून, हिशेब करून, सणाच्या तोंडावर काही नवं सुरू केलं असेल तर त्याला ‘लहर’ म्हणणं चूक ठरेल. उलट एखाद्या मुलाला वर्ग चालू असताना एकदम खिडकीबाहेर शीळ घालावीशी वाटली, तर तिला ‘टूम’ म्हणणं अन्यायाचं होईल.

रंगपंचमीचं उदाहरण इथे बरोबर बसतं. जुन्या नाशकात रंग खेळला जातो तो धुळवडीला नव्हे, पंचमीला. वर्षभर लाकडं आणि माती टाकून बुजवलेल्या रहाडी, म्हणजे जमिनीतले मोठे हौद, त्या दिवसासाठी उघडतात, रंगाच्या पाण्याने भरतात आणि लोक त्यात उडी घेतात, म्हणजे ‘धप्पा’ मारतात. ‘काठावर उभ्या असलेल्या भाऊजींना एकदम लहर आली आणि त्यांनी कपड्यांसकट धप्पा मारला’ हे वाक्य ठीक. ‘नाशिककरांना रहाडीत उडी मारायची लहर येते’ हे मात्र चुकलं. परंपरा म्हणजे लहर नव्हे. तिला दिवस ठरलेला असतो, जागा ठरलेली असते, तयारी असते. अचानकपणा नाही तिथे या कुळातला एकही शब्द लावू नये.

दुसरी पायरी : ती गोष्ट किती टिकली, ते मोजा

लहर आणि हुक्की अल्पायुषी असतात. दोघींत फरक असा की हुक्की जवळजवळ नेहमी एखाद्या कृतीची असते आणि बहुतेकदा भलत्या वेळी येते. तिच्या आसपास ‘मध्येच’, ‘भलत्याच वेळी’, ‘आता कुठं’ असे शब्द सहज येऊन बसतात. ‘पाहुणे दारात आणि हिला कपाट आवरायची हुक्की!’ लहरीला वेळेचं असं बंधन नाही. तिच्याजवळ ‘वाटेल तेव्हा’, ‘लागली तर’, ‘आपल्याच’ हे शब्द येतात. ‘त्याची लहर लागली तर गाईल, नाहीतर रात्रभर बसून राहील.’

शिवाय लहर म्हणजे मनाची अवस्थाही असते, हुक्की तशी नसते. ‘बुवा आज लहरीत होते’ म्हणजे त्यांचं मन खुललेलं होतं. ‘बुवा रंगात आले’ हे थोडं वेगळं. रंगात येणं म्हणजे कार्यक्रम चढत जाणं, लहरीत असणं म्हणजे माणूसच त्या दिवशी तसा असणं. बुवा लहरीत असूनही कीर्तन रंगलं नाही, असं होऊ शकतं.

तोच छंद महिनाभर टिकला की शब्द बदलावा लागतो. इथे खूळ येतं आणि नव्या मराठीत ‘फॅड’. दोन्ही नपुंसकलिंगी, दोन्ही बोलणाऱ्याची नापसंती सांगणारे. फॅड बहुधा एकट्याचं नसतं, ते पसरतं. खूळ एकट्याचंही चालतं. वर्षानुवर्षं टिकलं की ‘नाद’, ‘छंद’ किंवा ‘वेड’. नाद शब्दावर जुन्या पिढीचा राग आहे, कारण तो पैसा आणि वेळ खातो. ‘पत्त्यांचा नाद’, ‘तमाशाचा नाद’ अशी त्याची जुनी संगत. तरुण बोलीत मात्र ‘नाद’ अभिमानाने मिरवतो. छंदाला शाळेने सभ्यता मिळवून दिली, ‘माझा आवडता छंद’ असे निबंध लिहून लिहून तो पूर्ण निरुपद्रवी झाला. पण जुन्या बोलण्यात लहान मुलाने ‘छंद घेणं’ म्हणजे एखाद्या गोष्टीसाठी हट्ट धरून बसणं, आणि ‘छांदिष्ट’ या विशेषणात तो हट्टी अर्थ अजून जिवंत आहे.

‘तलफ’ वेगळी ठेवा. तलफ यायला आधी सवय असावी लागते. चहा, तपकीर, तंबाखू, विडी या तिच्या नेहमीच्या जागा. रविवारी सकाळी नाशिककराला मिसळीची तलफ येते असं लिहिलं तर ते शोभतं, कारण सवय जुनी आहे. पण ज्याने मिसळ कधी चाखलीच नाही अशा पाहुण्याला तिची तलफ येणार नाही. त्याला फार तर हुक्की येईल.

‘डोहाळे’ गर्भारपणातल्या इच्छांचे. शब्द संस्कृत ‘दोहद’ वरून आला. तो अनेकवचनीच वापरतात आणि त्याला क्रियापद ‘लागणे’ हेच. ‘तिला चिंचेचे डोहाळे लागले.’ अलंकारिक वापर भरपूर आहे, ‘निवडणुकीचे डोहाळे’, ‘भिकेचे डोहाळे’. त्यात मात्र बोचरेपणा असतो. ज्या घरात खरंच डोहाळजेवण आहे, त्या घराबद्दल लिहिताना हे दोन अर्थ एका परिच्छेदात येऊ देऊ नका.

तिसरी पायरी : शरीरातून आली की मनातून

ही पायरी झटपट होते. ‘उबळ’ मूळची खोकल्याची. आतून उसळून येणारं आणि दाबता न येणारं जे काही, त्याला उबळ म्हणतात. हसण्याची उबळ येते, लिहिण्याची उबळ येते. पण ‘कविता करण्याची उबळ’ म्हटलं की कवितेची किंमत थोडी खाली येते. कवितेचा मान ठेवायचा असेल तर ‘ऊर्मी’ लिहा. हा शब्द तत्सम आहे, त्याचा पहिला ऊ दीर्घ आणि सामान्यरूपातही तो दीर्घच राहतो : ऊर्मीने, ऊर्मीतून. ‘उर्मी’ हे ऱ्हस्व रूप सर्रास दिसतं, ते टाळावं.

‘सुरसुरी’ कृतीच्या आधीची. ती बहुधा मध्ये बोलायची किंवा खोडी काढायची असते. ‘खुमखुमी’ ताकद दाखवायची, भांडायची. ती ‘जिरते’ किंवा कुणीतरी ‘जिरवतं’. ‘उमाळा’ मायेचा, दुःखाचा, त्याला चेष्टेत ओढू नये.

‘झटका’ जपून वापरा. ‘काकांना काल सफाईचा झटका आला’ हे बोलताना चालतं, कारण सफाई आधी येते. पण ‘काकांना काल झटका आला’ एवढंच घरच्या ग्रुपवर टाकलंत, तर पाच मिनिटांत फोन सुरू होतील आणि ते हृदयविकाराबद्दल विचारतील. ‘सणक’चंही तसंच. मराठीत सणक म्हणजे पाठीत किंवा दाढेत उठणारी तीव्र कळ आणि त्यावरून रागाची तिडीक. विक्षिप्त कल्पना या अर्थी ती आणली जाते तेव्हा तिच्यामागे हिंदीतली ‘सनक’ असते.

चौथी पायरी : तो माणूस कोण, आणि ऐकणारा कोण

आजोबांना लहर आली, असं चारचौघांत सांगायला हरकत नाही. ‘आजोबांना हुक्की आली’ हे घरात मायेने म्हणतात, पण सोयरिकीच्या बैठकीत नवख्या माणसांसमोर ते हलकं वाटतं. ‘आजोबांच्या डोक्यात खूळ शिरलं’ हा तर उघड अनादर. वडीलधाऱ्यांच्या अचानक निर्णयासाठी मराठीत एक सुंदर वाट आहे : ‘आजोबांनी मनावर घेतलं.’ त्यात अचानकपणा राहतो आणि निर्धाराचा मानही मिळतो. ‘मनात आलं’ हे त्याहून साधं आणि सगळ्या वयांना चालणारं. ‘मनात आलं तशी गंगेवर जाऊन आले’ असं नाशकातल्या जुन्या घरातली आजी म्हणते तेव्हा ती गोदावरीच्या घाटाबद्दल बोलत असते, आणि त्या वाक्यात कोणताच निकाल नसतो. शब्द सापडेना झाला की ‘मनात आलं’ वापरा. तो कधी दगा देत नाही.

नवरा-बायकोच्या बोलण्यात ‘हुक्की’ हक्काने येते :

‘अहो, भर पावसात सोमेश्वरला जायची काय हुक्की आली तुम्हाला?’
‘धबधबा पाहायचा तर पावसातच ना!’

हाच प्रश्न सुनेने सासऱ्यांना विचारायचा तर ती म्हणेल, ‘आण्णा, आत्ताच जायचं मनात आलं का?’ शब्द बदलला तो नात्यामुळे.

वरिष्ठांच्या बाबतीत ‘लहर’ आणि ‘मर्जी’ यांची गल्लत फार होते. मर्जी अरबीतून आलेली आणि दरबारात वाढलेली. तिच्याबरोबर अधिकार येतो, म्हणून मर्जी ‘राखतात’ आणि ‘सांभाळतात’, माणूस ‘मर्जीतला’ असतो आणि वाईट दिवस आले की ‘खप्पामर्जी’ होते. लहर अधिकाराशिवायही असते, तान्ह्या बाळालाही आणि मांजरालाही. ‘साहेबांची लहर फिरली’ म्हणजे आजचा दिवस वाईट, उद्या सकाळी सगळं ठीक असू शकतं. ‘साहेबांची मर्जी फिरली’ म्हणजे बदलीची तयारी ठेवावी. पत्रात किंवा कथेत हा फरक सांभाळला तर पुढची दोन वाक्यं लिहावी लागत नाहीत.

देवाबद्दल लिहिताना लहर नको. तिथे इच्छा, कृपा, कोप हे शब्द आहेत आणि ‘आले देवाजीच्या मना, तेथे कोणाचे चालेना’ ही म्हण आहे. लक्षात घ्या, म्हणीतसुद्धा ‘मनात येणं’ आलं, लहर नाही.

आजारी माणसाबद्दल ‘वेड’, ‘चक्रम’, ‘माथेफिरू’ यांपैकी काहीही लिहू नका. ‘माथेफिरू’ तर बातम्यांमधून गुन्ह्याशी इतका जोडला गेला आहे की वाचणारा लगेच हिंसेची कल्पना करतो. वागणं चमत्कारिक आहे एवढंच सांगायचं असेल तर ‘तऱ्हेवाईक’ किंवा ‘विक्षिप्त’ पुरे. ‘मनस्वी’ हा शब्द लहरी या अर्थाने वापरलेला दिसतो. तो गुण आहे, माणूस स्वतःच्या मनाशी प्रामाणिक असल्याचा. लहरी माणूस मनस्वी असेलच असं नाही.

पाचवी पायरी : ‘लहरी’ विशेषण लावताना पुरावा आहे का

‘लहर आली’ हे एका वेळेपुरतं. ‘लहरी आहे’ हा स्वभावावरचा शिक्का. एकदा ब्रह्मगिरीला गेलेला माणूस लहरी ठरत नाही. विशेषण लावायला किमान दोन-चार प्रसंग हाताशी हवेत, आणि कथा लिहीत असाल तर ते वाचकाला दिसायला हवेत.

पावसाला हे विशेषण आपण सर्रास लावतो, पण आमच्या नाशिक जिल्ह्यात ते तोलून वापरायला हवं. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराला ‘लहरी पाऊस’ आणि ‘अवकाळी पाऊस’ या दोन वेगळ्या आपत्ती आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये घड तयार होत असताना येतो तो अवकाळी, कारण तो त्याचा काळच नाही. जुलैत महिनाभर दडी मारून मग एका रात्रीत कोसळतो तो लहरी, कारण काळ त्याचाच आहे, वागणं मात्र धड नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना पाऊस रेंगाळला तर डाऊनी या बुरशीच्या रोगाची भीती. त्याला ‘लांबलेला’ किंवा ‘परतीचा’ म्हणणं नेमकं. बातमीदाराने शब्द चुकवला तर शेतकऱ्याला ते लगेच कळतं.

धोरणांबद्दलही तेच. लासलगावच्या बाजारात कांद्याबद्दल बोलताना निर्यातीवर कधी बंदी, कधी शुल्क, कधी मोकळीक, असा अनुभव निघतो. त्याला ‘सरकारचे लहरी धोरण’ म्हणायचं की ‘धरसोडीचे धोरण’? लहरी म्हणणं म्हणजे निर्णयामागे कारणच नव्हतं असा आरोप, आणि तो सिद्ध करणं अवघड. धरसोड म्हणजे आज एक आणि उद्या दुसरं. ते तारखा देऊन दाखवता येतं. मी स्वतः लेखात आणि अर्जात धरसोडच निवडेन. कार्यालयाविरुद्ध तक्रार लिहितानाही ‘कर्मचारी लहरीप्रमाणे अर्ज घेतात’ यापेक्षा ‘कोणताही निकष न सांगता काही अर्ज घेतले जातात, काही परत केले जातात’ हे वाक्य जास्त काम करतं. अधिकाराचा गैरवापर म्हणायचा असेल तर ‘मनमानी’ आहेच, पण तो जड शब्द आहे, त्याच्यासोबत कागद हवेत.

सहावी पायरी : लहर, लाट आणि हिंदीची सरमिसळ

लहर संस्कृत ‘लहरि’ किंवा ‘लहरी’ वरून आली. मूळ अर्थ पाण्यावरचा तरंग. जगन्नाथ पंडितांच्या ‘गंगालहरी’ या स्तोत्राच्या नावात तोच अर्थ आहे. तिथली ‘लहरी’ नाम आहे, आपल्या ‘लहरी माणूस’शी तिचा संबंध जोडू नये. विज्ञानात ध्वनिलहरी, रेडिओलहरी आल्या त्या याच अर्थाने. जुन्या मराठीत सापाच्या विषाच्या ‘लहरी’ येतात, म्हणजे अंगात विष चढत असताना येणारे आवेग. मनाच्या लहरीचा अर्थ समजायला मला हा दुवा फार मोलाचा वाटतो. तरंगासारखं उठणं आणि ओसरणं, आणि मध्ये माणूस तिच्या ताब्यात असणं, दोन्ही त्यात आहे.

आता अडचणीची गोष्ट. समुद्राच्या किंवा मोठ्या अर्थाने मराठीत ‘लाट’ आहे. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरतो तेव्हा ती ‘थंडीची लाट’, ‘शीतलहर’ नव्हे. उन्हाळ्यात ‘उष्णतेची लाट’. निवडणुकीत एखाद्या पक्षाची ‘लाट’. गावाचा मुलगा जिंकून आला तर ‘गावात आनंदाची लहर’ हा हिंदीचा छाप. मराठीत ‘आनंदाला उधाण आलं’ किंवा ‘गाव आनंदलं’. झेंडाही मराठीत ‘लहरत’ नाही, तो ‘फडकतो’. या पाच जागा लक्षात ठेवल्या तरी निम्मी सरमिसळ थांबते.

‘मूड’ शब्दाशी मात्र माझं भांडण नाही. तो आता मराठीच झाला आहे आणि नकारात लहरीपेक्षा सोपा पडतो. ‘आज मूड नाही’ सहज येतं, ‘आज लहर नाही’ कलावंताच्या तोंडीच शोभतं. फक्त कथेतल्या जुन्या काळातल्या पात्राला मूड देऊ नका, त्याला ‘मन नाही’ असं म्हणू द्या.

‘हौस’ अरबी ‘हवस’वरून आली. हिंदी-उर्दूत हवस वासनेकडे गेली, मराठीत हौस घरातली लाडकी झाली. ती ‘भागवतात’, ‘पुरवतात’, ती ‘फिटते’, आणि ‘हौसेला मोल नाही’. हौस अचानक नसते, ती मनात जपलेली असते, म्हणून ती लहरीच्या शेजारी बसली तरी लहर नव्हे. बारा वर्षांनी नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थ भरतो, मागचा 2015 साली झाला. तिथे येणाऱ्या गर्दीची जुनी वाटणी सगळ्यांना ठाऊक आहे : हौसे, नवसे, गवसे. त्यात ‘लहरी’ नाहीत, हे मला बोलकं वाटतं.

सातवी पायरी : रूपं नीट लिहा

लहर, हुक्की, टूम, तलफ, उबळ, सुरसुरी, हौस स्त्रीलिंगी. खूळ, वेड, फॅड नपुंसकलिंगी. नाद, छंद, झटका, उमाळा पुल्लिंगी. शंका आली तर कृती आधी जोडून पाहा : ‘पोहण्याची लहर’, ‘पोहण्याचं खूळ’, ‘पोहण्याचा नाद’. कान लगेच सांगतो.

लहरचं अनेकवचन ‘लहरी’ आणि सामान्यरूपही ‘लहरी’. म्हणून ‘लहरीवर’ आणि ‘लहरींवर’ यांत अनुस्वाराने सगळा फरक पडतो. एका माणसाची एक लहर, ‘त्याच्या लहरीवर’. त्याच्या रोजच्या वेगवेगळ्या तऱ्हा, ‘त्याच्या लहरींना कंटाळून’. टूमचं अनेकवचन ‘टुमा’, तिथे ऊ ऱ्हस्व होतो. खूळचं ‘खुळे’, सामान्यरूप ‘खुळा’ : खुळाने, खुळापायी. ‘खुळा’ हे विशेषणही आहे, म्हणून ‘खुळापायी’ आणि ‘खुळ्यापायी’ यांतला फरक पाहा. पहिल्यात कल्पना, दुसऱ्यात माणूस. हुक्कीचं अनेकवचन ‘हुक्क्या’, हे बोलीत छान येतं, लेखात क्वचितच लागतं.

‘आली लहर, केला कहर’ ही जोडी आहे तशीच ठेवा. ‘येईल लहर, करील कहर’ असं काळ बदलून लिहिलं की तिचा ठेका मोडतो. आणि कृती घडलेली असेल तरच ती वापरा. नुसतं मनात येऊन राहिलं असेल तर ‘कहर’ झालेला नाही.

आठवी पायरी : कोश उघडा, मग कान उघडा

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला आणि त्याची सुधारलेली आवृत्ती 1857 साली. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड 1932 पासून निघाले. दोन्ही आता इंटरनेटवर शोधता येतात. छापील प्रती चाळायच्या असतील तर 1840 साली स्थापन झालेल्या आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे सावानात, विचारून पाहावं. कोशात फक्त पहिला अर्थ वाचून थांबू नका. लिंग पाहा, पुढे दिलेले वाक्प्रचार पाहा, आणि मुख्य म्हणजे त्या शब्दाबरोबर कोणतं क्रियापद आलं आहे ते टिपा. पण कोशातला प्रत्येक अर्थ आज चालेलच असं नाही, म्हणून दुसरी टिपणवही कानाची ठेवा. भद्रकालीच्या भाजीबाजारात, कॉलेजरोडच्या कट्ट्यावर, घरातल्या ओट्यापाशी कोण कुणाबद्दल ‘हुक्की’ म्हणतं आणि कोण ‘खूळ’, ते पूर्ण वाक्यासकट लिहून ठेवा. सुटा शब्द लिहिलात तर महिन्याने तो कुणी कुणाला म्हटला हेच आठवणार नाही.

सराव

खालच्या रिकाम्या जागा आधी स्वतः भरा, मग पुढे वाचा.

‘पेपर तीन तासांवर आला आणि चिरंजीवांना सायकल धुवायची —— आली.’
‘दुकानदारांनी वर्गणीची नवी —— काढली.’
‘चहाची —— आली की त्यांना दुसरं काही सुचत नाही.’
‘कुणी कौतुक केलं नाही, पैसे मिळाले नाहीत, तरी लिहिण्याची —— टिकून राहिली.’
‘सेवानिवृत्तीनंतर आत्यांनी पोहायला शिकायचं —— घेतलं.’

पहिल्यात हुक्की, कारण वेळ भलती आहे. लहरही चालेल, पण मग ‘पेपर तीन तासांवर’ची गंमत थोडी उतरते. दुसऱ्यात टूमच, ‘नी’ आणि ‘काढली’ दुसरं काही येऊ देत नाहीत. तिसऱ्यात तलफ. चौथ्यात ऊर्मी, उबळ घातली तर ती ‘टिकून’ राहणार नाही, उबळ येते आणि जाते. पाचव्यात बहुतेक जण खूळ घालतात आणि व्याकरण त्याला आडवं येत नाही : ‘शिकायचं खूळ घेतलं’. पण आत्यांबद्दल तुमचा निकाल तसा नसेल, तर रिकामी जागा आहे तशी भरू नका, वाक्यच बदला : ‘सेवानिवृत्तीनंतर आत्यांनी पोहायला शिकायचं मनावर घेतलं.’